हेतूची नोंद कुठे करायची?

१८ मे १९७४ रोजी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी राजस्थानात पोखरणजवळ जमिनीखाली स्फोट झाला आणि भारत सरकारने जगाला सांगितलं, की हा 'शांततामय अणुस्फोट' आहे. या शब्दप्रयोगाची तेव्हा जगभर टिंगल झाली, अजूनही होते. पण मी ज्या गावचा आहे, तिथे तो कुणाला फारसा विनोदी वाटणार नाही. वणी तालुक्यातलं राजूर हे कोळशाच्या खाणीचं आणि चुनाभट्ट्यांचं गाव. जमिनीखालचा स्फोट ही आमच्याकडे रोजीरोटीची गोष्ट. माझे आजोबा कॉलरीत शॉटफायरर होते, म्हणजे कोळशात भोकं पाडून झाली की त्यात बारूद भरून ती उडवणारा माणूस. हे काम युद्धाचं नाही हे आम्हांला कुणी पटवून द्यावं लागत नव्हतं.

शॉटफायररच्या कामाचा एक भाग मात्र बाहेरच्यांना फारसा माहीत नसतो. तो भाग म्हणजे हिशेब. स्फोटकांच्या कोठीतून, म्हणजे मॅगझिनमधून, किती कांड्या आणि किती डिटोनेटर घेतले, किती वापरले, किती परत केले, हे पाळीगणिक रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. आकडे जुळले नाहीत तर प्रकरण तिथेच थांबतं आणि शोधाशोध सुरू होते. माणूस किती वर्षं नोकरीत आहे, किती सज्जन आहे, हे त्या वेळी कुणी विचारत नाही. कारण बारूद कोळसाही फोडते आणि माणूसही, आणि कांडीकडे बघून ती कशासाठी वापरली जाणार आहे हे ओळखता येत नाही.

अणुबॉम्बमुळे देशादेशांत जो अविश्वास माजला त्याचं मूळ मला या कांडीत दिसतं. वस्तू मोजता येते, हेतू मोजता येत नाही. या विषयावरच्या लेखनात बहुतेकदा नेत्यांचे स्वभाव येतात. स्टालिन संशयी होता, ट्रूमन नवखे होते, भुट्टो महत्त्वाकांक्षी होते, वगैरे. ते खोटं नाही. पण स्वभाव बदलले, माणसं गेली, राजवटी कोसळल्या, तरी अविश्वास राहिला. म्हणजे त्याचं कारण स्वभावापेक्षा खोल असलं पाहिजे.

पोट्सडॅममधलं एक वाक्य

२४ जुलै १९४५. जर्मनी शरण आलेली होती, जपानशी युद्ध सुरू होतं. पोट्सडॅमची त्या दिवसाची बैठक संपल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन सहज गेल्यासारखे स्टालिनपाशी गेले आणि म्हणाले, की आमच्याकडे असाधारण संहारक शक्तीचं एक नवं शस्त्र आहे. 'अणू' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. स्टालिनने फारसं आश्चर्य दाखवलं नाही. ट्रूमनना वाटलं, याला काही कळलेलं नाही. स्टालिनला मात्र बरंच माहीत होतं, कारण अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत क्लाउस फुक्ससारखे त्याचे हेर बसलेले होते.

या छोट्या प्रसंगात पुढच्या चाळीस वर्षांचा नमुना सापडतो. अमेरिका आणि सोव्हिएत संघ तेव्हा मित्रराष्ट्रं होती, एकाच शत्रूशी लढत होती. त्यांपैकी एकाने मित्रापासून शस्त्र लपवलं. दुसऱ्याने मित्राच्या घरात चोर सोडला. आता दोघांकडेही दुसऱ्यावर संशय घ्यायला सबळ कारण होतं, आणि दोघांनाही आपलं वागणं निव्वळ खबरदारीचं वाटत होतं. हिरोशिमावर बॉम्ब पडल्यानंतर दोन आठवड्यांत, २० ऑगस्ट १९४५ रोजी, स्टालिनने बेरियाच्या हाताखाली अणुबॉम्बसाठी खास समिती नेमली.

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. १४ जून १९४६ रोजी बर्नार्ड बारूक यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे अमेरिकेची योजना मांडली. तिचा सारांश असा, की अणुशक्तीची सगळी धोकादायक कामं एका आंतरराष्ट्रीय संस्थेकडे द्यावीत, तपासणी व्हावी, नियम मोडणाऱ्याच्या शिक्षेवर कुणाला नकाराधिकार नसावा, आणि ही व्यवस्था नीट बसली की अमेरिका आपले बॉम्ब मोडीत काढेल. पाच दिवसांनी सोव्हिएत प्रतिनिधी ग्रोमिको यांनी उलटी योजना मांडली : आधी बॉम्ब नष्ट करा, मग तपासणीचं बोलू. आधी तुम्ही, मग आम्ही. दोन्ही योजनांत अडचण एकच होती, मधल्या काळात कुणी कुणाच्या शब्दावर राहायचं? ही चर्चा चालू असतानाच, १ जुलै १९४६ रोजी, अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांजवळ अणुचाचणी केली. ऑगस्टमध्ये अणुऊर्जेचा जो कायदा झाला त्याने बॉम्ब बनवण्यात भागीदार असलेल्या ब्रिटनलाही माहिती देणं बंद केलं. मित्रालाही नाही, तर प्रतिस्पर्ध्याने काय समजायचं?

२९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत संघाने पहिली चाचणी केली आणि ती जाहीर केली नाही. काही दिवसांनी उत्तर प्रशांत महासागरावरून उडणाऱ्या अमेरिकी विमानाच्या गाळणीत किरणोत्सारी धूळ सापडली आणि २३ सप्टेंबरला ट्रूमननी ही बातमी जगाला दिली. त्यावर 'तास' या सोव्हिएत वृत्तसंस्थेने काढलेला खुलासा राजूरच्या माणसाने वाचलाच पाहिजे असा आहे. आमच्या देशात जलविद्युत केंद्रं, खाणी, कालवे, रस्ते यांची मोठी कामं सुरू आहेत, त्यासाठी मोठे स्फोट करावे लागतात, आणि अणुशस्त्राचं गुपित तर आम्हांला १९४७ सालीच उमगलं होतं, असा त्याचा मतलब होता. पहिल्या अणुचाचणीला खाणीतल्या सुरुंगाचा पदर! 'शांततामय स्फोट' ही कल्पना आपली नव्हे. पुढे दोन्ही महासत्तांनी कालवे, बंदरं, तळी खोदण्यासाठी अणुस्फोट वापरण्याचे कार्यक्रम रीतसर चालवले. अमेरिकेच्या कार्यक्रमाचं नाव तर 'प्लाउशेअर', म्हणजे नांगराचा फाळ, होतं.

ट्रॉम्बेची भट्टी

ही गोष्ट महाराष्ट्रात येते ती ८ डिसेंबर १९५३च्या एका भाषणातून. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत 'शांततेसाठी अणू' असा कार्यक्रम जाहीर केला. अणुतंत्रज्ञान इतर देशांना द्यायचं, फक्त शांततेसाठी. शीतयुद्धात नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना आपल्या बाजूला ओढण्याचाही तो मार्ग होता. होमी भाभांनी ती संधी बरोबर ओळखली. ऑगस्ट १९५६ मध्ये ट्रॉम्बेला 'अप्सरा' सुरू झाली, आशियातली पहिली अणुभट्टी. त्याच वर्षी कॅनडाशी करार झाला आणि १० जुलै १९६० रोजी ४० मेगावॉटची दुसरी भट्टी सुरू झाली. भट्टी कॅनडाची, जड पाणी अमेरिकेचं, म्हणून तिचं नाव 'सायरस'.

सायरसमध्ये नैसर्गिक युरेनियम जळत असे. या युरेनियमचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग युरेनियम-२३८ असतो. त्याने न्यूट्रॉन शोषला, की थोड्या दिवसांत त्याचं प्लुटोनियम-२३९ होतं. म्हणजे अशी भट्टी नुसती चालवली तरी प्लुटोनियम तयार होणारच, चुनखडी भाजली की चुना होतो तसं. सायरसच्या आकाराची भट्टी पूर्ण क्षमतेने चालली तर वर्षाला साधारण ९-१० किलो. नागासाकीच्या बॉम्बमध्ये सुमारे ६ किलो होतं. जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढायला रासायनिक कारखाना लागतो. तो ट्रॉम्बेला १९६४ साली उभा राहिला.

तो कारखाना कशासाठी? भाभांचं उत्तर होतं, पुढच्या पिढीच्या भट्ट्यांच्या इंधनासाठी. भारताकडे युरेनियम थोडं, थोरियम भरपूर. थोरियमपर्यंत पोचायची वाट प्लुटोनियममधून जाते. हे उत्तर खरं होतं, आजही भारताच्या अणुकार्यक्रमाचा आराखडा तोच आहे. आणि त्याच कारखान्यातून बॉम्बचं प्लुटोनियमही निघू शकतं, हेही तितकंच खरं होतं. दोन खऱ्या गोष्टी एकाच नळातून येत होत्या.

कॅनडाशी झालेल्या करारात भट्टीचा वापर शांततेसाठीच करायचा असं लिहिलेलं होतं, पण तपासणीची तरतूद नव्हती. तेव्हा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थाच जन्मली नव्हती, ती १९५७ची. शिवाय तपासणीला भारताचा तात्त्विक विरोध होता. ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत त्यांच्या घराला कुलूप नाही आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांची झडती, हा कुठला न्याय? हा प्रश्न रास्त होता. नेहरूंनी एप्रिल १९५४ मध्ये सगळ्या अणुचाचण्या थांबवाव्यात असं आवाहन केलं, तेव्हा महासत्तांनी ते मनावर घेतलं नव्हतं. पण रास्त प्रश्नामुळे रजिस्टर कोरं राहिलं, हेही विसरून चालणार नाही.

शेजारी आणि आरमार

१९६२च्या पराभवानंतर दोन वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९६४ रोजी, चीनने अणुचाचणी केली. आठवडाभरात भाभा आकाशवाणीवर बोलले. १० किलोटनांच्या स्फोटाचा खर्च सुमारे साडेसतरा लाख रुपये येईल, असा हिशेब त्यांनी मांडला. हा हिशेब अमेरिकेच्या शांततामय स्फोटांसाठी जाहीर झालेल्या दरांवर बेतलेला होता आणि त्यात भट्टी, कारखाना वगैरेंचा खर्च धरलेला नव्हता. भाषणात निःशस्त्रीकरणाचाही पुरस्कार होता. पण ऐकणाऱ्यांना आकडा ऐकू आला. कराचीतही, वॉशिंग्टनमध्येही.

१९६८ साली अण्वस्त्रप्रसारबंदी करार सह्यांसाठी खुला झाला. १ जानेवारी १९६७च्या आधी ज्यांनी स्फोट केला ते अण्वस्त्रधारी, बाकीचे नाहीत, अशी त्यात रेघ होती. चीन रेघेच्या आत, भारत बाहेर. भारताने सही केली नाही. मग १९७१. ऑगस्टमध्ये भारत-सोव्हिएत मैत्री करार झाला, डिसेंबरमध्ये बांगलादेशचं युद्ध, आणि अमेरिकेने 'एंटरप्राइज' ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे पाठवली. तिच्यावर काय शस्त्रं आहेत हे दिल्लीला कळायला मार्ग नव्हता. वाईटात वाईट तेच गृहीत धरलं गेलं. धरायलाच हवं होतं, दुसरं काय करणार?

युद्ध हरलेल्या पाकिस्तानात झुल्फिकार अली भुट्टोंनी जानेवारी १९७२ मध्ये मुलतानला शास्त्रज्ञांची बैठक घेतली आणि बॉम्बचा निर्णय केला. म्हणजे पोखरणच्या दोन वर्षं आधी. 'तुम्ही आधी सुरुवात केली' हे भांडण दोन्ही देशांत अजून चालू आहे. पाकिस्तानकडे बोट दाखवताना आपण मुलतान सांगतो, ते ट्रॉम्बेचा १९६४चा कारखाना सांगतात. दोघेही खरं बोलतात.

पोखरणचं प्लुटोनियम सायरसमधलं होतं. राजा रामण्णा यांच्या नेतृत्वाखाली ट्रॉम्बेच्या लोकांनी भौतिकीची बाजू सांभाळली. हे उपकरण पेटवायला साधी रासायनिक स्फोटकंच लागतात, पण ती अतिशय काटेकोरपणे एकाच वेळी उडावी लागतात. त्या यंत्रणेच्या कामाचं श्रेय पुण्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेचे वामन दत्तात्रेय पटवर्धन यांना दिलं जातं. मराठी माणसाच्या अभिमानाची ही जागा आहे, आणि तो अभिमान मलाही वाटतो. निर्बंध, गरिबी, परकीय चलनाची टंचाई असताना आपल्या अभियंत्यांनी ते करून दाखवलं.

तारापूरचं बिल

कॅनडात मात्र फसवणूक झाल्याची भावना होती. पंतप्रधान ट्रूडो यांनी १९७१ मध्येच इंदिरा गांधींना लिहून कळवलं होतं, की आमच्या सामग्रीतून स्फोट झाला तर संबंधांचा फेरविचार करावा लागेल. भारताचा युक्तिवाद कायदेशीर होता : करारात 'शांततेसाठी' असं म्हटलंय, आमचा स्फोट शांततेसाठी आहे, आणि प्लुटोनियम आमच्याच युरेनियमचं आहे. कॅनडाने चार दिवसांत अणुसहकार्य थांबवलं आणि १९७६ साली ते संपवलं. राजस्थानात रावतभाट्याची दुसरी भट्टी अर्धवट राहिली. ती आपण आपल्या बळावर पुरी केली, पण वीज मिळायला १९८१ उजाडलं. पुरवठादार देशांनी लंडनमध्ये बसून निर्यातीचे नियम ठरवले. आज ज्याला अणुपुरवठादार गट म्हणतात तो पोखरणमधून जन्मला.

दुसरं बिल तारापूरच्या नावावर फाटलं. पालघरच्या किनाऱ्यावरचं हे केंद्र अमेरिकेने बांधून दिलं होतं. १९६३च्या करारानुसार ते १९९३पर्यंत इंधनही देणार होते, आणि इथे तपासणी मान्य होती, रजिस्टर उघडं होतं. तरी पोखरणनंतर इंधन रखडू लागलं. १९७८ साली अमेरिकेने नवा कायदा केला : ज्या देशाच्या सगळ्याच अणुकेंद्रांची तपासणी होत नाही त्याला इंधन नाही. आधी केलेल्या कराराला नंतरचा कायदा लावला. त्याच वर्षीच्या जानेवारीत अध्यक्ष कार्टर दिल्लीत होते. परराष्ट्रमंत्र्यांना त्यांनी हळू आवाजात सांगितलं, की परत गेल्यावर मोरारजी देसाईंना थंड आणि अगदी रोखठोक पत्र लिहू या. मायक्रोफोन चालू होता. पत्रकारांनी ऐकलं. सप्टेंबर १९८० मध्ये ३८ टन इंधनाची परवानगी अमेरिकी सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ मतांनी कशीबशी वाचली. १९८२च्या तडजोडीने फ्रान्स इंधन देऊ लागला, नंतर चीन, नंतर रशिया. मुंबई-गुजरातकडे वीज पाठवणाऱ्या केंद्राला इंधनासाठी असं दारोदार फिरावं लागलं.

थोडक्यात, कॅनडाच्या दृष्टीने भारताने शब्द फिरवला आणि भारताच्या दृष्टीने अमेरिकेने. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. पहिली तक्रार ऐकताना आपल्याला राग येतो आणि दुसरी सांगताना स्फुरण चढतं, एवढाच फरक. इतिहास वाचायचा तर दोन्ही एका आवाजात वाचायला हवा.

रजिस्टरची मर्यादा

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखाद्या यंत्रणेचं दार कुठे कच्चं आहे हे तपासणारी साधनं असतात. पहारेकरी जे साधन वापरतो तेच चोरही वापरतो. नोंदींमध्ये दोघांच्या खुणा सारख्याच उमटतात. काय केलं हे नोंदीत दिसतं, का केलं हे दिसत नाही. म्हणून आमच्या धंद्यात कुणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न शक्यतो टाळतात आणि कुणाला किती हात घालू द्यायचा हे आधी ठरवतात.

अणूच्या बाबतीत तेही पुरेसं पडत नाही. शॉटफायररची कांडी नगावर मोजता येते. प्लुटोनियम कारखान्यात आम्लात विरघळलेलं असतं, नळ्यांना चिकटतं, गाळात बसतं. आंतरराष्ट्रीय संस्था ८ किलो प्लुटोनियमला एका बॉम्बच्या दृष्टीने लक्षणीय मात्रा मानते. समजा, एखाद्या कारखान्यात वर्षाला ८०० किलो हाताळलं जातं आणि मोजमापात १ टक्क्याची चूक आहे, तर एका बॉम्बइतका माल चुकीच्या मापातच हरवतो. कुणी चोरला नसला तरी. सगळ्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं तरी संशयाला जागा उरते.

म्हणून १९८७ साली मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या करारावर सही करताना रीगन यांनी 'विश्वास ठेवा, पण पडताळून पाहा' ही रशियन म्हण पुन्हा ऐकवली, तेव्हा त्यात विश्वास नावापुरताच होता. पडताळणीने आपलं काम केलं : एकमेकांच्या तळांवर निरीक्षक गेले आणि त्यांच्यादेखत क्षेपणास्त्रं मोडली गेली. २०१९ साली तो करार मोडला, आणि त्याच्या किती तरी आधी निरीक्षक घरी गेले होते.

आपल्या उपखंडात निरीक्षकांपर्यंत गोष्ट कधी पोचलीच नाही. १९९८च्या मे महिन्यात भारताने ११ आणि १३ तारखेला स्फोट केले, पाकिस्तानने २८ आणि ३०ला. या वेळी 'शांततामय' हा शब्द कुणी वापरला नाही. एका अर्थाने ते अधिक प्रामाणिक होतं. २००८ साली पुरवठादार गटाने भारताला सूट दिली. त्याआधी अमेरिकेशी ठरल्याप्रमाणे भारताने नागरी आणि लष्करी अणुकेंद्रं वेगवेगळी केली आणि सायरस कायमची बंद करायचं कबूल केलं. ती ३१ डिसेंबर २०१० रोजी बंद झाली, पन्नास वर्षं चालून. तिच्या शेजारी 'ध्रुव' १९८५पासून चालूच आहे.

तरी एक रजिस्टर आहे, आणि त्याविषयी आपल्याकडे फार कमी बोललं जातं. १९८१ साली इस्रायलने इराकची अणुभट्टी बॉम्ब टाकून उडवली. त्यानंतर भारत कहुटावर तसाच हल्ला करेल अशी धास्ती पाकिस्तानात होती, आणि केला तर पाकिस्तान ट्रॉम्बेवर करेल अशी भारतात. ट्रॉम्बे म्हणजे मुंबई. ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादला, राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या उपस्थितीत, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याच्या करारावर सह्या झाल्या. त्यानुसार दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी दुसऱ्याच्या हाती देतात. १९९२ साली हे सुरू झालं. कारगिलनंतरच्या जानेवारीत याद्या दिल्या गेल्या. संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या होत्या तेव्हाही, आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पाच आठवड्यांनीही.

या याद्या जाहीर होत नाहीत. कुणी येऊन त्या तपासत नाही. आपण बॉम्ब का बनवला, तो कधी वापरू, दुसऱ्याबद्दल आपल्याला काय वाटतं, यातलं काही त्यात नसतं. करारात मागितलंय ते फक्त प्रत्येक ठिकाणाचं अक्षांश आणि रेखांश. बॉम्ब नेमका कुठे टाकायचा हे शत्रूला सांगणारे हे आकडे, तिथे तो पडू नये म्हणून दोन्ही देश दर वर्षी स्वतःच्या हाताने लिहून देतात.